वरून कोरडी गादी

माझा धाकटा भाऊ तोंडात खिळे धरून बोलतो, म्हणजे खरं सांगायचं तर बोलतच नाही. सोफे, खुर्च्या आणि गाद्या मढवण्याचं त्याचं दुकान आहे, वडिलांकडून आलेलं. मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक ओठांपर्यंत आणायचा, चुंबकाच्या हातोडीने तो उचलायचा आणि ताणलेल्या कापडावर ठोकायचा, ही त्या धंद्यातली जुनी रीत. काम झालं की बाकीचे कारागीर उरलेले खिळे डबीत टाकतात. आमचे बंधुराज मात्र अवघड प्रश्न समोर आला की खिळे तोंडात टाकतात. लोक गुळणी धरून बसतात, हा खिळे धरून बसतो. लग्न का केलं नाहीस, जिन्याची तुटकी फळी कधी बसवणार, दाढ दाखवून आलास का, सगळ्याला उत्तर एकच: टक, टक, टक. माझी मुलं लहानपणी त्याला खिळेमामा म्हणायची. आता ती स्वतः चष्मे लावायला लागली तरी खिळेमामाच म्हणतात.

हा असा माणूस एके दिवशी आपणहून फोन करून म्हणाला, "ताई, दिवाणाचं पाठीचं ऑपरेशन झालंय. तू येशील का?"

दिवाण म्हणजे त्याचा कुत्रा. अंगाने लांबलचक आणि पायांनी चार बोटांचा, त्यामुळे उभा आहे की बसलाय ते लांबून कळत नाही. एका गिऱ्हाईकाचा सोफा त्याने दोनदा फाडला आणि दोन्ही वेळा तो सोफा आमच्या दुकानात आला. तिसऱ्यांदा गिऱ्हाईक सोफा आणि कुत्रा दोन्ही घेऊन आलं आणि जाताना फक्त सोफा घेऊन गेलं. तेव्हापासून दिवाण दुकानातच राहतो. माझ्या भावाचं आणि त्याचं छान जमतं, कारण दोघांपैकी कुणीच दुसऱ्याला काही विचारत नाही. त्या दिवशी दिवाणाने एका उंच कोचावरून उडी मारली, पुढचे पाय जमिनीवर टेकले आणि मागचे नुसते फरफटत आले. मणक्यातली गादी सरकली होती. गादीवाल्याच्या कुत्र्याची गादी सरकावी, यावर शेजारपाजारचे हसून घेत होते. भावाला मात्र हसू येत नव्हतं, आणि त्याच्या आवाजावरून मला ते फोनवरच कळलं होतं. मी बॅग भरली.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं. दिवाण टेबलावर आडवा होता, पाठीवरचे केस काढलेले आणि मधोमध टाक्यांची लांब रेघ.

"टाके सरळ घातलेत," भाऊ म्हणाला. तेवढंच त्याला कळत होतं.

"टाक्यांची काळजी सोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी काय सांगते ते नीट ऐका. पाय आले तर आले. नाही आले तर चाकाची गाडी लावून कुत्रं मजेत जगतं. पण लघवी साचून राहिली तर जगत नाही. सध्या याला स्वतःहून करता येत नाहीये. मूत्राशय भरून ताणलं गेलं की कायमचं सैल पडतं, मग जंतू होतात आणि ते वर मूत्रपिंडात जातात. म्हणून दिवसातून चार वेळा पोट दाबून ते रिकामं करायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना. आणि अंथरूण कोरडं ठेवायचं, ओल्यात पडून राहिला तर जखमा होतील. कोण करणार?"

भावाने माझ्याकडे पाहिलं.

"कुत्रा कुणाचा आहे?" बाईंनी विचारलं.

"माझा," भाऊ म्हणाला, जणू कुणी चोरीचा माल ओळखायला सांगितला होता.

बाईंनी करून दाखवलं. मागच्या पायांच्या पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंना हात सपाट ठेवायचे, आत पाणी भरलेल्या फुग्यासारखं काही लागतंय का ते चाचपायचं आणि मग दोन्हीकडून हळूहळू, न थांबता दाबत शेपटीकडे न्यायचं. टोचायचं नाही, झटका द्यायचा नाही, फारच अडलं तर जबरदस्ती करायची नाही. खाली ठेवलेल्या तसराळ्यात धार पडली. मग भावाची पाळी आली. त्याने हात ठेवले, दिवाणाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि चटका बसल्यासारखे भावाने हात मागे घेतले.

"त्याला दुखतंय."

"दुखत नाहीये. तिथलं त्याला सध्या फारसं कळतच नाही."

"मग बघतोय कशाला?"

"कुत्रे बघतातच हो," बाई म्हणाल्या.

भावाचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशात काय असतं ते मला ठाऊक होतं, म्हणून मीच बाह्या वर सारल्या.

मी आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीत तिकिटं विकलेली बाई. कुत्र्याचं मूत्राशय शोधण्याचं शिक्षण मला कुणी दिलं नव्हतं. दुकानात सोफ्यांच्या सांगाड्यांमध्ये सतरंजी टाकून मी गुडघ्यांवर बसायचे आणि त्या गुबगुबीत पोटात चाचपत राहायचे. जोर जास्त लागला तर फुटेल ही भीती, कमी लागला तर थेंब नाही. पहिल्या दिवशी धार तसराळ्याऐवजी माझ्या बाहीत गेली. दुसऱ्या दिवशी मी फुगा समजून बराच वेळ भलतंच काहीतरी दाबत होते आणि निकाल दुसऱ्या बाजूने लागला. दिवाण माझ्याकडे असा बघायचा की चूक माझी आहे हे त्यालाही पटलंय. पण हळूहळू हाताला कळायला लागलं. धार पडली की मला इतकं बरं वाटायचं की मी त्या कुत्र्याला शाबासकी द्यायचे.

आणि भाऊ उंबऱ्यात उभा असायचा. आत नाही, बाहेर नाही, बरोबर उंबऱ्यात. "झालं का?" एवढं विचारायचा. झालं म्हटलं की जायचा.

तो उंबरा माझ्या ओळखीचा होता. आमची आई शेवटचे आठ महिने वरच्या खोलीत अंथरुणावर होती, अर्धं अंग गेलेली. तेव्हाही हा असाच दारात उभा राहायचा. त्याने आईसाठी गादी केली होती, आणि गादी केली होती म्हणजे काय, तुकड्यातुकड्यांची, हवा तो तुकडा काढून हवा तसा बसवता येईल अशी, जिथे हाड टेकतं तिथे मऊ आणि जिथे आधार लागतो तिथे घट्ट. शेवटपर्यंत आईच्या पाठीवर एक जखम झाली नाही. आईला बघायला येणारी माणसं गादी बघून जायची. भांडं धरायला, पुसायला, कूस बदलायला मी होते. हा दारातून विचारायचा, "गादी ठीक आहे ना?" गादी उत्तम होती. माझी कंबर गेली ती अजून आली नाही.

तर आताही त्याने तेच केलं. डॉक्टरीणबाईंनी इतकं सगळं सांगितलं, त्यातलं त्याला एकच वाक्य ऐकू गेलं: अंथरूण कोरडं ठेवा. गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून तो दिवाणासाठी गादी करायला बसला. सगळ्यात वर जाळीचं कापड, त्यातून ओल लगेच खाली उतरेल असं. त्याखाली जाड फोम, मग शोषून घेणारा कापसाचा थर, वास येऊ नये म्हणून कोळशाच्या भुकटीच्या शिवलेल्या पट्ट्या, आणि तळाला रेग्झिन. कडेने दुहेरी शिलाई. त्याने त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि मला हात फिरवायला लावला.

"बघ. कोरडी."

खरंच कोरडी होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"अरे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला," मी म्हणाले. "गादीला काय झालंय? कुत्र्याला झालंय. त्याला हात लाव."

टक, टक, टक. कडेचे शेवटचे खिळे राहिले होते म्हणे. गादीला खिळे लागत नाहीत हे मलाही कळतं. तो शेजारच्या स्टुलाला ठोकत होता.

इकडे माझ्या घरून फोनवर फोन येत होते. नवऱ्याला साखर सापडत नव्हती. साखर सापडली तर डबा उघडत नव्हता. डबा उघडला तर तो मिठाचा निघाला. मी भावाला बजावलं की मला आता जायला हवं, तू शिकणार आहेस की नाही ते सांग. तो म्हणाला, "शिकतो." तोंडात खिळे नव्हते, म्हणून मला तो शब्द खरा वाटला.

दुपारची आणि संध्याकाळची पाळी मी त्याच्याकडे दिली. तो दिवाणाला गादीसकट मागच्या खोलीत न्यायचा आणि दार लोटून घ्यायचा. "तू बाहेर थांब. तू असलीस की तो आवळून धरतो," म्हणाला. थोड्या वेळाने बाहेर येऊन सांगायचा, "झालं." तसराळं कोरडं दिसायचं. मी विचारलं, तर म्हणाला, "गादीवरच केलं. त्यासाठीच तर गादी आहे." यात न पटण्यासारखं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला पटवूनच घ्यायचं होतं. गुडघे दुखत होते, घरी मिठाचा चहा चालू होता. दोनतीन दिवसांत मी सगळ्याच पाळ्या त्याच्यावर सोपवल्या. रोज झालं म्हणायचा. गादी वरून कोरडी, वास नाही, दिवाण पडून आहे, सगळं कसं आलबेल.

निघायच्या दिवशी बॅग दाराशी ठेवून मी दिवाणाचा निरोप घ्यायला मागे गेले. त्याच्या ताटलीतलं खाणं तसंच होतं. त्याला उचलला तर माझ्या मनगटावरून कोमट ओघळ खाली आला आणि तळहाताला पोट लागलं ते दगडासारखं. तो थरथरत होता. मी त्याला परत ठेवायला गादीवर गुडघा टेकवला आणि खालून पचकन आवाज आला. वर ठणठणीत कोरडं होतं, खाली डबकं झालं होतं.

"इकडे ये," मी हाक मारली. तो उंबऱ्यात आला. गाल फुगलेले होते.

"थुंक आधी ते."

त्याने खिळे तळहातावर काढले.

"तू याला दाबत होतास का?"

"हात ठेवायचो."

"दाबत होतास का?"

"ताई, आपोआप होत होतं त्याचं. मी हात ठेवायचो, गादी बघायचो, ती खालून ओली लागायची. मला वाटलं बरा होतोय. मग उगाच कशाला दाबायचं त्याला?"

मला त्याला मारावंसं वाटलं. पन्नाशी उलटलेल्या भावाला मारता येत नाही म्हणून मी कुत्रा त्याच्या हातात दिला आणि पुढे होऊन रिक्षा थांबवली.

डॉक्टरीणबाईंनी नळी घालून मूत्राशय रिकामं केलं. जे निघालं ते गढूळ होतं आणि त्याचा वास सगळ्या खोलीत पसरला. त्या आमच्याकडे न बघता बोलत होत्या. "हे आपोआप होणं नव्हे. टाकी काठोकाठ भरली की कडेने ओघळते. म्हणून नळ सुरू झाला असं कुणी म्हणत नाही. ओघळ दिसला असता तर तुम्हाला कळलं असतं. दिसला कसा नाही?"

"गादी चांगली आहे," भाऊ म्हणाला. एवढ्या पडक्या आवाजात त्याला मी कधी ऐकलं नव्हतं.

"जंतू झालेत. औषध देते, या वेळी निभावेल. पण पुन्हा असं ताणलं गेलं तर ते परत आवळणार नाही, मग माझ्याही हातात काही राहणार नाही. घरी दाबणारं माणूस नसेल तर आत्ताच सांगा. त्याचे हाल नकोत."

हाल नकोत म्हणजे काय, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. भावाने दिवाणाचे कान दोन्ही हातांनी धरले होते आणि सोडत नव्हता.

मी बॅग पुन्हा वर नेऊन ठेवली. घरी फोन करून सांगितलं की साखर शेजारून आणा. आणि भावाला समोर बसवला. त्याने हात ठेवले, दिवाणाने बघितलं, हात निघाले. पुन्हा ठेवले, पुन्हा निघाले. मी ओरडले, समजावलं, त्याचे हात धरून दाबायचा प्रयत्न केला, तर माझ्या हाताखाली त्याची बोटं मेल्यासारखी पडलेली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीच दिवाणाला रिकामं केलं आणि रागाने दुकानात जाऊन बसले.

तो माझ्या मागोमाग आला आणि सवयीने कामाला लागला. एक जुनी आरामखुर्ची दुरुस्तीला आली होती. बसलं की आत काहीतरी टोचतं अशी तक्रार होती. त्याने खुर्ची उघडली नाही. बसकेच्या कापडावर दोन्ही हात सपाट ठेवले, नजर समोरच्या भिंतीवर लावली आणि हात हळूहळू सरकवत गेला. मध्येच थांबला, दोन्हीकडून दाबलं, थोडा मागे आला. "ही," स्वतःशीच म्हणाला आणि खडूने खूण केली. कापड उसवलं तेव्हा बरोबर त्या खुणेखाली वाकडी झालेली स्प्रिंग निघाली.

मी ते बघत बसले होते. मग उठले, फळीवरचा मखमलीचा एक लाल तुकडा ओढला आणि मागच्या खोलीत गेले. पुढची वेळ आली तशी दिवाणाच्या बरगड्यांपासून शेपटीपर्यंत तो तुकडा पसरला, तसराळं खाली सरकवलं, आणि त्याचं डोकं माझ्या मांडीत घेऊन तोंड माझ्याकडे वळवून धरलं.

"ये," मी भावाला म्हणाले. "ही खुर्ची आहे."

"ताई, काहीतरीच."

"खुर्ची आहे म्हणते ना. आतलं काय कुठे आहे ते सांग."

तो गुडघ्यांवर बसला. मखमलीवर हात ठेवले. नजर भिंतीकडे गेली, आणि त्याच्या हातांत काय फरक पडला तो माझ्या डोळ्यांना दिसला. बोटं जागी झाली. सरकली, थांबली, जरा मागे आली.

"इथे," तो म्हणाला. "बरंच खाली सरकलंय. मोसंब्याएवढं."

"दोन्हीकडून. सपाट हातांनी."

"मला कळतंय."

आणि त्याला खरंच कळत होतं. आधी काहीच झालं नाही, मग तसराळ्यात आवाज सुरू झाला आणि बराच वेळ चालला. "आता लिंबाएवढं," तो भिंतीला सांगत होता. "आता सुपारीएवढं. आता लागत नाही." त्याने हात काढले आणि कापडाकडे बघितलं. "मखमल गेली."

"जाऊ दे मखमल," मी म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता. मला भयंकर राग आला होता. वार-दोन वार कापडाच्या एका तुकड्याने जे काम झालं त्यासाठी मी आयुष्यभर याच्या तोंडातले खिळे मोजत बसले होते.

त्यानंतर चारी पाळ्या त्याच्या झाल्या. मी समोर बसायचे, तसराळं बघायचे, आणि नुसत्या "झालं"वर विश्वास ठेवायचा नाही हे शिकले होते. गादी त्याने स्वतःच उसवली आणि वर साधी पांढरी चादर घातली, थेंब पडला तरी दिसेल अशी. गादीवाल्याने केलेली ही सगळ्यात टाकाऊ गादी असेल. दिवाण परत खायला लागला. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "आवळायला लागलंय थोडं. असंच चालू ठेवा." भाऊ घरी येताना वाटभर शीळ घालत होता.

मी निघाले त्या सकाळी बॅग पुन्हा दाराशी होती. शेवटचं एकदा बघून जावं म्हणून मागे गेले, तर तो दिवाणाला घेऊन बसलेला. मखमल खुंटीवर वाळत होती. कापड नव्हतं, डोकं धरायला मी नव्हते, आणि दिवाण मान वळवून सरळ त्याच्याकडे बघत होता. भाऊही त्याच्याकडे बघत होता. हात आपलं काम करत होते. मी उंबऱ्यात उभी राहिले.

"ताई," तो न वळता म्हणाला, "आईचं भांडं वगैरे... मला जमलं असतं का?"

त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. खिळ्यांचा खिसा जवळच होता, पण तिकडे जायला एकही हात मोकळा नव्हता. या प्रश्नाची उत्तरं माझ्याकडे कितीतरी वर्षं तयार होती, एकापेक्षा एक टोचणारी.

"जमलं असतं," मी म्हणाले.

धार थांबली तरी त्याने हात काढले नाहीत. "ती माझ्याकडे बघायची. बोलता येत नव्हतं ना तिला, नुसती बघायची. मला वाटायचं, आत नको येऊ म्हणतेय."

"आत ये म्हणत होती."

 दिवाणाला त्याने अलगद चादरीवर ठेवलं, पाठ पुसली, मागचे पाय सरळ केले. मी सवयीने तसराळ्याकडे वाकले.

"राहू दे," तो म्हणाला. "मी ओततो."

ते दोन्ही हातांत धरून, सांडू न देता, तो माझ्या अंगावरून उंबरा ओलांडून न्हाणीघराकडे गेला.